एक अनुदान सोडून दुसरे धरताना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही मोठ्या विषयावर बोलणार नाही. एका फाईलवर बोलणार आहोत. ही फाईल आमच्या वस्तीतील एका भगिनीची आहे. नाव सांगत नाही, तशी तिची इच्छा आहे. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय गेला. २०१८ साली पती वारले. पदरात दोन मुले. घरी बसून मशीनवर शिवणकाम करते. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे ब्लाऊज तिच्याच हातचे आहेत.

२०१९ मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तिचा अर्ज भरायचा होता. या एकाच योजनेत अपंग, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, दुर्धर आजाराचे रुग्ण असे अनेक वर्ग आहेत. आमची भगिनी दोन वर्गांत बसत होती. ती विधवाही होती आणि अपंगही. अर्ज मात्र एकाच वर्गातून करायचा. त्या वर्षी शासनाने अनुदान ६०० वरून १,००० रुपये केले होते आणि विधवेला एक अपत्य असेल तर १,१००, दोन असतील तर १,२०० ठरविले होते. अपंगाला १,०००. म्हणजे विधवा म्हणून अर्ज केला तर दोनशे रुपये जास्त. शिवाय पतीचा मृत्यूचा दाखला हाताशी होता, अपंगत्वाचा दाखला जुना, घडी पडून फाटलेला. तेव्हा आम्हीच सांगितले, विधवा म्हणून भर. त्या दिवशी तो सल्ला बरोबर होता.

जुलै २०२३ पासून सगळ्यांचेच अनुदान १,५०० झाले. एक मूल, दोन मुले हा फरक त्यात पुसला गेला. वाढ झाली या आनंदात तो कोणाच्या लक्षातही आला नाही, आमच्याही नाही. पुढे ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांतील दिव्यांगांचे अनुदान १,५०० वरून २,५०० करण्यात आले. बाकीच्यांचे १,५०० वरच राहिले. आता हिशेब उलटा झाला. जी बाई दोनशे रुपयांसाठी विधवेच्या यादीत गेली, ती त्याच यादीत राहिल्यामुळे महिन्याला हजार रुपयांना मुकू लागली. वर्षाचे बारा हजार. मोठी मुलगी दहावीला आहे. या घरात बारा हजार म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको.

पाय तोच, बाई तीच. कचेरीच्या यादीत मात्र ती फक्त विधवा आहे, अपंग नाही.

पुढचे सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. ती उपनगरातील एका कचेरीत चौकशीला गेली. टेबलावरच्या गृहस्थांनी सांगितले, आधीचे बंद करून या, मग नवीन अर्ज घेऊ. ती आमच्याकडे आली आणि बंद करण्याचा अर्ज आमच्याच कार्यकर्त्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिला. पुढच्या महिन्यापासून पैसे थांबले. नवा अर्ज परत आला, कारण आता जुना कागदी दाखला चालत नाही, यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड लागते. कार्डासाठी इस्पितळाची तारीख घ्या, तपासणी करा, मग कार्डाची वाट पाहा. चार महिने तिच्या खात्यात एक पैसा आला नाही. विधवेचेही नाही, अपंगाचेही नाही. तिने आम्हाला एक शब्द लावला नाही. शेजारणींनी तांदूळ-पीठ दिले, मशीन रात्री उशिरापर्यंत चालू राहिली.

म्हणून आज स्पष्ट सांगतो. जुने अनुदान बंद करण्याचा अर्ज आधी देऊ नका. मागणी करा ती वर्ग बदलण्याची: माझी नोंद विधवा अशी आहे, ती दिव्यांग अशी करावी, आणि तसा निर्णय होईपर्यंत चालू अनुदान चालू ठेवावे. एवढ्या दोन ओळी अर्जात असल्याच पाहिजेत. अर्ज देण्यापूर्वी यूडीआयडी कार्ड हातात हवे, अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक हवे, आधार बँक खात्याशी जोडलेले हवे. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. टेबलावरच्या माणसाचे तोंडी सांगणे फाईलला लावता येत नाही.

उत्पन्नाचेही पाहा. या योजनेत विधवेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. महिन्याला १,७५० झाले. मुंबईत एवढ्यात कोण जगते, हा प्रश्न आम्ही अनेकदा विचारला आहे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. म्हणजे वर्ग बदलला तर पैसे वाढतातच, वर शिवणकाम करण्यालाही थोडी मोकळीक मिळते. मात्र ५०,००० च्या वर उत्पन्न असेल तर हा रस्ता बंद.

इथेच दुसऱ्या एका भगिनीची गोष्ट आठवते. तीही अपंग, पती सोडून गेलेला, एक मुलगा. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली तेव्हा तिने तोच अर्ज भरला. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, वय २१ ते ६५, अपंगत्वाचा कागद नको. १,५०० रुपये सुरू झाले. आता तिला २,५०० चे ऐकून मोह झाला आहे. पण दोन्ही घेता येत नाहीत. दुसऱ्या शासकीय योजनेतून १,५०० किंवा अधिक मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शासनानेच जाहीर केले की संजय गांधी योजनेतील २ लाख ३० हजार महिला या कारणाने वगळल्या. आता ही भगिनी पोळ्या लाटून महिन्याला पाच हजार मिळवते. वर्षाचे साठ हजार. ती संजय गांधी योजनेत बसणारच नाही. तिने असलेले १,५०० सोडले तर दोन्हीकडून जाईल. तिला आम्ही सांगितले, बाई, आहे तिथेच राहा. खोटा उत्पन्नाचा दाखला काढण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पुढे छाननीत तिलाच उभे राहावे लागेल, सल्ला देणाऱ्याला नाही.

एकटा पालक म्हणजे आईच, असे समजू नका. पत्नी वारलेला अपंग बाप आपल्या संघात आहे. विधवेचा वर्ग त्याच्यासाठी नाही, लाडकी बहीण नाही. त्याला फक्त दिव्यांग हा एकच दरवाजा, आणि तोही त्याने अजून ठोठावलेला नाही. पुरुषमाणूस कचेरीत हात पसरायला कसा जाणार, असे तो म्हणतो.

मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक पालक असलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये, अर्ज महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, मंजुरी बाल कल्याण समितीची. हे पैसे मुलाचे आहेत. आईबापांनी आपल्या वर्गाच्या गोंधळात मुलाचा अर्ज राहू देऊ नये. आमच्या भगिनीचा अर्ज असाच राहिला होता, सहा वर्षे. महापालिकेनेही २०२४ पासून मुंबईतील दिव्यांगांसाठी अर्थसाहाय्य सुरू केले आहे. ते कार्डावरील टक्केवारीप्रमाणे मिळते. म्हणजे तिथेही कार्ड आधी.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी थोडे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या संविधानात ४१ वे कलम आहे. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत राज्याने आपल्या आर्थिक शक्तीनुसार साहाय्याची तरतूद करावी, असे ते सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर कोर्टात थेट दाद मागता येत नाही. पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचा, कलम २४. तशाच इतर योजनांपेक्षा दिव्यांगांचे साहाय्य किमान २५ टक्के जास्त असावे, असे तिथे लिहिले आहे. त्याच कलमात अपंग स्त्रीच्या उपजीविकेसाठी आणि तिच्या मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य असावे, हेही आहे. म्हणजे २०१९ साली अपंगाला १,००० आणि दोन मुलांच्या विधवेला १,२०० हा हिशेब झाला तेव्हा हा कायदा पुस्तकात होता. अपंगत्व आणि मुले ही दोन्ही ओझी एकाच बाईच्या अंगावर असतात, हे कायद्याने ओळखले. अर्जाच्या नमुन्यात मात्र दोन्ही चौकोनांवर एकदम खूण करता येत नाही. तुमच्यापैकी जे वकिलीकडे किंवा समाजकार्याकडे जाणार आहेत, त्यांनी हा चौकोन डोक्यात ठेवावा.

१९९० साली उपनगर जिल्हा वेगळा झाला, अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके झाले. घाटकोपर, मुलुंडची माणसे कुर्ला तालुक्यात. आपली कचेरी कोणती हे आधी विचारून निघा. लोकलच्या अपंगांच्या डब्यातून उतरून, पूल चढून चुकीच्या दारात पोहोचलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्या दिवसाचे काम बुडते ते वेगळेच.

भगिनीचे कार्ड आता आले आहे. नव्या अर्जावर आवक क्रमांक आहे, तो आमच्या वहीतही लिहिला आहे. थांबलेल्या चार महिन्यांसाठी वेगळा अर्ज दिला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मंगळवारी आम्ही तिच्याबरोबर पुन्हा जाणार आहोत.

सभा संपल्यावर विहाराच्या मागच्या खोलीत दोन टेबले मांडली आहेत. पासबुक, आधार, रेशन कार्ड, अपंगत्वाचा जुना दाखला, जे असेल ते घेऊन या. आज नसेल तर पुढच्या रविवारी वंदनेनंतर. अकरावी-बारावीच्या चार मुली अर्ज लिहायला बसणार आहेत, त्यांचे अक्षर आमच्या कार्यकर्त्यापेक्षा चांगले आहे. बंद करण्याचा अर्ज मात्र कोणालाही लिहून द्यायचा नाही, एवढे त्यांना बजावले आहे.

जयभीम.