वडिलांच्या फियाटला किती भार झेपेल?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे की, तुझ्या धंद्यातलं काही सांग, पण दहा मिनिटांत आटप. माझा धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. तेव्हा एकाच गाडीबद्दल बोलतो. ती म्हणजे जुनी फियाट.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी बने. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा पेपरात मोठमोठे लेख आले. आपल्या वऱ्हाडात मात्र पद्मिनी कोणी म्हटलंच नाही. डॉक्टरांची फियाट, जिनिंगवाल्याची फियाट, आणि लग्नसराईत नवरदेवासाठी मागून आणलेली फियाट.

आता आपल्या वयाचे लोक वडिलांची गाडी गोठ्यातून, गोदामातून बाहेर काढू लागले आहेत. डेंटिंग-पेंटिंग होतं, सीट नव्या होतात आणि मग गाडी माझ्याकडे येते. मागणी ठरलेली असते. "गाडी जुनीच दिसली पाहिजे. फक्त चांगले दिवे, फॉग लॅम्प, म्युझिक, मोबाईल चार्जर, कॅमेरा आणि रेडिएटरला विजेचा पंखा लावून दे." या 'फक्त'चा हिशोब आज मांडतो. एसीबद्दल मी बोलणार नाही. १०८९ सीसीच्या इंजिनावर तेवढा भार टाकावा असं मला वाटत नाही.

घरात वीज मंडळाकडून येते, गाडीत डायनमोकडून. जुन्या फियाटचा डायनमो चांगला असला तर पंधरा-सोळा अँपिअर देतो. तेही गाडी पळत असताना. फाटकावर गाडी उभी राहिली की तो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. आता खर्च बघा. रात्रीची वेळ, पाऊस सुरू. मूळचे ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साडेसात अँपिअर. इग्निशन कॉइल साडेतीन. मागचे दिवे आणि डॅशबोर्डचे दिवे मिळून अडीच. वायपर तीन. बेरीज साडेसोळा. म्हणजे इटलीच्या इंजिनिअरनं जमाखर्च तंतोतंत जुळवून ठेवला होता, शिल्लक काही नाही.

त्यात आपण ६० वॅटचे हॅलोजन घातले की अडीच वाढले. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प, नऊ अँपिअर. म्युझिक चार, चार्जर आणि कॅमेरा दोन, रेडिएटरचा पंखा आठ. एकूण बेचाळीस. जमा सोळा, खर्च बेचाळीस. उरलेले सव्वीस बॅटरीतून जातात. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी असा उपसा कागदावर दीड तास सोसते, प्रत्यक्षात त्याहून कमी. संध्याकाळी अमरावतीहून नागपूरला निघालात तर कोंढाळीच्या आधीच दिवे पिवळे पडतात. आणि बाप्पा, त्या रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी वडिलांची आठवण आहे हे माहीत नसतं.

पण दिवे मंद होणं हा छोटा धोका. मोठा धोका डॅशबोर्डच्या मागे असतो. आपल्याच बॅचच्या एका मित्राची गाडी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. नाव घेत नाही, समोर बसून हसतो आहे. तक्रार एवढीच की हॅलोजन टाकूनही उजेड पडत नाही. मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.२ व्होल्ट, हेडलाइटच्या होल्डरवर ११.४. पावणेदोन व्होल्ट मधल्या मधे गायब!

गायब म्हणजे कुठे? इथे आपल्या सरांचा फळा आठवा. ओहमचा नियम. विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. त्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीकडून आत, तिथून स्विचमध्ये आणि परत पुढे दिव्यांपर्यंत बारीक तारेतून फिरत होता. तार पन्नास वर्षांची, स्विचचे पॉइंट काळे पडलेले. धारा वाढवली, रोध तसाच, म्हणून व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि त्यांची उष्णता होते. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं घसरतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड तीस टक्क्यांनी कमी होतो. या गाडीत जवळपास चाळीस टक्के उजेड वायरिंगच्या आत जळत होता. 'जळत' हा शब्द मी मुद्दाम वापरला. स्विचमागची तार हातात घेतली तर तिचं आवरण पापडासारखं मोडलं. फॉग लॅम्प त्याच तारेला पिळून जोडलेले होते. फ्यूज वारंवार उडायचा म्हणून कोणीतरी त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला होता. म्युझिकची तार तर थेट बॅटरीवरून, फ्यूजच नाही, आणि इंजिनच्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून रबराशिवाय आत ओढलेली. त्याच पत्र्याच्या पुढे जुना कार्बोरेटर, थोडंफार पेट्रोल पाझरणारा. त्या गाडीत मित्राची नात मागच्या सीटवर बसून शाळेत जात होती.

लोकांना वाटतं फ्यूज म्युझिक सिस्टिमच्या रक्षणासाठी असतो. तसं नाही. फ्यूज तारेसाठी असतो. तार जेवढं सोसेल त्याच्या आत फ्यूज उडाला पाहिजे, म्हणून फ्यूजचा आकडा तारेवरून ठरवायचा. आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवायचा, कारण फ्यूजच्या आधीच्या तारेला वाली कोणी नसतो.

मग केलं काय? जुन्या वायरिंगला हात लावला नाही. मूळ लूम कापून त्यात नव्या तारा घुसवणं मला पटत नाही. त्यानं जुनंही जातं आणि नवंही बिघडतं. नव्या सामानासाठी बॅटरीवरून एक वेगळी जाड तार काढली, मेन फ्यूज लावला, पुढे पाती फ्यूजचा छोटा बॉक्स आणि रिले. रिले म्हणजे हाताखालचा माणूस. डॅशबोर्डचा जुना स्विच त्याला फक्त इशारा देतो, त्याला जेमतेम पाव अँपिअरही लागत नाही. वजन उचलतो तो रिले. रिलेवर आकडे छापलेले असतात: ३० ला बॅटरीची तार, ८७ ला दिव्याची, ८५ आणि ८६ ला इशाऱ्याची. फॉग लॅम्पच्या नऊ अँपिअरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि १५ चा फ्यूज घातला.

मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे एलईडी केले तर तिथे बचत होते. मात्र इंडिकेटरला एलईडी लावले की जुना फ्लॅशर गोंधळतो, तोही बदलावा लागतो. हेडलाइटच्या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबू नका. उजेड विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

आता आपल्या भातकुलीचं खास दुखणं, म्हणजे खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की पांढरा थर बसतो हे तुम्हाला सांगायला नको. हाच खार अर्थिंगच्या बोल्टखाली शिरतो. गाडीत परतीची तार नसते, बॉडीच परतीची वाट असते. ती वाट गंजली की एक दिवा लावला तर दुसराच मिणमिणतो. इंजिन आणि बॉडी जोडणारा जाड पट्टा खराब झाला तर सेल्फ मारताना करंट चोकच्या केबलमधून परत जायला बघतो आणि चोकची दांडी गरम लागते. असं झालं तर त्याच दिवशी गाडी दाखवा. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि वर पेट्रोलियम जेली लावायची. बॅटरीत बोअरचं पाणी तर चुकूनही नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरीचं पाणी लवकर उडतं, तेव्हा डिस्टिल्ड वॉटरची बाटली घरात ठेवा.

शेवटी जमेची बाजू. खर्च बेचाळीस असेल तर सोळाचा डायनमो पुरणार नाही, अल्टरनेटर लागतो. मी या गाडीला ५५ अँपिअरचा बसवला, कारण गाडी उभी असताना अल्टरनेटरही पूर्ण देत नाही. फक्त आधी मीटर लावून बॉडीला बॅटरीचं कोणतं टोक जोडलं आहे ते बघा. फियाटमध्ये मायनस असतं, पण इंग्लंडच्या घराण्यातल्या काही जुन्या गाड्यांत प्लस असतं. उलटं जोडलंत तर आतले डायोड क्षणात जातात. जुना कटआउट जोडणीतून काढावा लागतो. चार्जिंगचा लाल दिवा मात्र काढू नका. अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट त्याच बल्बमधून जातो.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे. त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, आणि अशी नोंदणी केली की ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. ज्यांच्या मनात ते आहे त्यांनी जुना डायनमो, कटआउट आणि ब्रॅकेट भंगारात देऊ नये. गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवा. आम्ही जे लावलं ते पाना घेऊन एका दिवसात उतरवता येतं.

त्या मित्राच्या गाडीत आता सगळे दिवे लावून बॅटरीवर १३.९ आणि हेडलाइटवर १३.५ व्होल्ट येतात. गाडी त्यानं आज आणली आहे, बाहेर कडुलिंबाखाली उभी आहे. जेवणं झाली की बॉनेट उघडतो. ज्यांना बघायचं त्यांनी या, मीटर माझ्या खिशात आहे.