जोर जिभेत नाही, श्वासात

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बँडमध्ये फ्रेंच हॉर्न शिकतेय. ठसक्याचा सूर आला की तिचा सूर घसरतो, आणि घरचे म्हणतात, पोरीच्या छातीत दमच नाही!

दमाचा प्रश्नच नाही. सुरावर आडवी, उजवीकडे निमुळती खूण असते. म्हणजे सुरुवात ठसठशीत, मग लगेच सैल. मुलं 'जोर' एवढंच ऐकतात. जीभ आपटतात, ओठ दाबतात. हॉर्नची नळी सुमारे १२ फूट. वरचे सूर इतके जवळजवळ, की ओठ जरा आवळले तरी शेजारचाच सूर निघतो.

चुलीची फुंकणी आठवा. फुंक पोटातून येते, गालातून नाही. आधी जीभ न लावता, नुसत्या श्वासाने सूर काढायचा. तो बसला की हलकंसं 'त' जोडायचं. हळू वाजवताना ठसकाही लहानच ठेवायचा.

बर्लिन फिलहार्मोनिकच्या पितळी वाद्यांत २००१ साली पहिली बाई आली, सारा विलिस. तीही हॉर्नवालीच, हे घरच्यांना जरूर सांगा. आणि लेकीला रोज थोडा वेळ मोकळेपणी वाजवू द्या. शेजारी कुरकुरतील, चार दिवस.