कुत्रं चावलं तर तिखट नको, साबण घ्या



पिसाळलेलं कुत्रं चावलं की आपल्याकडे जखमेत आधी तिखट भरतात, मग उतारा करणाऱ्याकडे धावतात. विषाणू असतो कुत्र्याच्या लाळेत. जखमेतून तो नसेत शिरतो आणि नसेच्या वाटेनं मेंदूकडे चढतो. या वाटेला बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. आपल्या हातात असते ती एवढीच मुदत. माणूस एकदा पाण्याला भिऊ लागला, की मोठ्या शहरातला डॉक्टरही बहुधा काही करू शकत नाही.

म्हणून शेतातच, विहिरीच्या पाण्यानं, साबण लावून १५ मिनिटं जखम धुवा. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या १४ सुयांची धास्ती सोडा. त्या जुन्या लशीचं उत्पादन देशात २००४ साली थांबलं. आता दंडात मोजक्याच सुया. रक्त निघालं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. वेचणीची घाई आहे म्हणून पुढच्या तारखा बुडवू नका. कापूस दोन दिवस थांबतो.

आणखी एक. बैल लाळ गाळतो, चारा गिळत नाही, म्हणून घशात काही अडकलं समजून तोंडात हात घालता. घालू नका. कुत्रं त्यालाही चावलेलं असू शकतं. आधी गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.