फाल्गुन-चैत्रातली भटकंती
(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागून पुरणपोळीचा वास येतो आहे, तेव्हा थेट विषयावर येतो.

आपल्या सोसायटीचा भटकंती गट पावसाळ्यात कुठे जात नाही, याचं नव्या बिऱ्हाडांना नवल वाटतं. श्रावणात सिंहगडाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. रांगेतच उभं राहायचं तर लक्ष्मी रोड जवळ आहे की! आम्ही निघतो फाल्गुन-चैत्रात, पहाटे जाऊन रात्री घरी.

त्या दिवसांत डोंगर भकास असतो असं म्हणतात. ते अर्धंच खरं. पळस, पांगारा, काटेसावर ही तिन्ही झाडं पानं गाळून फुलतात, म्हणून तर तांबडा रंग लांबून दिसतो. पळसाला पानं तीनच असतात हे सगळ्यांना पाठ, पण फुलाच्या वेळी तीही नसतात. मधासाठी मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांची नुसती झुंबड. एका सावरीखाली अर्धा तास बसलं तरी सहलीचे पैसे वसूल. करवंदीची पांढरी फुलं आधी वासानं कळतात, मग दिसतात. भीमाशंकरच्या जंगलात अंजनीच्या फांदीला निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ लगडलेले असतात.

पण तारीख ठरवताना डोकं चालवावं लागतं. होळी 2024 साली 24 मार्चला आली, 2025 मध्ये 13 मार्चला. अधिक महिन्यामुळे तिथी मागेपुढे होते. झाड काही पंचांग बघत नाही. होळी लवकर आली की पळस भरात सापडतो, उशिरा आली की खाली सडा. म्हणून आमच्या वहीत दोन रकाने असतात, एक तिथीचा आणि एक फुलांचा. दोन्ही जुळले तर त्या वर्षीची सहल लक्षात राहते.

तशी जुळली ती वाईजवळच्या बावधनची. (चांदणी चौकापलीकडचं बावधन नव्हे. एक सभासद रिक्षानं निघायच्या तयारीत होते!) तिथे रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. नवस केलेल्यांमधून बगाड्या कोण, ते होळी पौर्णिमेला कौल लावून ठरतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून शेताशेतांतून गावाकडे ते अवजड लाकडी बगाड बैलांच्या जोड्या ओढतात. जोड्या दमल्या की बदलतात. आम्ही सकाळी वैराटगड चढून आलो होतो. बगाड पुढे सरकलं तसा जो आवाज उठला, तो ऐकून आमच्यातल्या एकालाही फोटोची आठवण झाली नाही.

आता जरा घरचं बोलतो. आपले वॉचमन भोर तालुक्यातले. दर चैत्रात ते चार दिवस सुट्टी मागायचे आणि दर चैत्रात मीटिंगमध्ये कुरकुर व्हायची, "यांना नेमकी आत्ताच कशी सुट्टी लागते?" एका वर्षी त्यांनीच आम्हाला बोलावलं, "जत्रेला या ना सगळे." तेरा जण गेलो. वाटेत डोंगर, करवंदीचा वास, आणि गावात पोहोचलो तर पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसांनी घरं भरलेली. वर्षभर बंद असलेल्या घरांची दारं उघडी. रात्री पालखीचा छबिना निघाला. इथे गेटवर खुर्चीत बसलेले आपण ज्यांना बघतो, ते तिथे पालखीला खांदा देत होते आणि सगळं गाव त्यांना नावानं हाक मारत होतं. त्यांच्या आईनं आम्हाला पंगतीत आग्रह करकरून वाढलं. पुढच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा कुरकुर करणाऱ्यांपैकीच एकजण म्हणाले, "जत्रेची तारीख नोटीस बोर्डावर लावा, गेटवर आपण पाळीपाळीनं बसू." तेव्हापासून ती लागते.

एक गोष्ट मात्र सलते. हल्ली निम्म्या सहलींत आम्हाला काळे डोंगर दिसतात. वाळलेलं गवत पेटवलं की पुढचं गवत चांगलं येतं अशी समजूत आहे. कुठे कुणाच्या विडी-सिगारेटनंही वणवा लागतो. चंडोलासारख्या पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात, ती जातात, रोपं जातात, करवंदीच्या जाळ्या होरपळतात. मोठा पळस तगतो, पण त्याच्याखाली लहान पळस उरत नाही. गावात भाषण ठोकून काही होत नाही, हे बघून झालं. जत्रेत ओळख झालेल्या माणसाशी पारावर बसून बोललं तर तो ऐकतो, आणि त्याची अडचणही सांगतो. गुरांना चारा लागतोच ना!

गटातले आम्ही बहुतेक सत्तरीच्या आसपास आलो. यंदा वही बी विंगमधल्या मुलींकडे दिली आहे. त्यांनी पहिल्याच पानावर जुळणी मांडून दाखवली, ती माझ्यापेक्षा बरी आहे.

पुढची सहल पाडव्यानंतरच्या रविवारी. पहाटे साडेपाचला नागनाथ पारापाशी जमायचं. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, पंचा. अत्तर-सेंट लावून कुणी येऊ नका, कड्यावर आग्या मोहोळं असतात. नावं रात्री आठच्या आत वॉचमनकाकांकडे द्या. या वेळीही वाट तेच दाखवणार आहेत.