विहिरीचं पाणी आणि उजळणारा रेणू

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात काही विहिरींचं पाणी तोंडात घेताच मचूळ लागतं. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, ऊस उभा राहिला. पण निचरा नसलेल्या जमिनी खारावल्या. पाण्यातले क्षार जिभेला कळतात. शिसं मात्र कळत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. एवढ्याशा शिशाला ना चव, ना वास, ना रंग.

असा धातू ओळखण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ प्रतिदीप्त रेणू घडवतात. अशा रेणूचा एक भाग अतिनील किरण पडले की उजळणारा, दुसरा धातूचा आयन धरणारा. धरणाऱ्या भागात बहुधा नायट्रोजन असतो. तो आपला इलेक्ट्रॉन उजळणाऱ्या भागाकडे सोडतो आणि उजेड दबतो. जस्तासारखा आयन आला की नायट्रोजनची इलेक्ट्रॉन-जोडी त्याच्याशी बांधली जाते आणि रेणू उजळतो. तांबं बहुधा उलट करतं, असलेला उजेडही विझवतं. पण उजेड गढूळपणानंही मंदावतो. म्हणून विझणाऱ्यापेक्षा उजळणारा रेणू अधिक भरवशाचा.

ही कल्पना जुनी आहे. १८६७ साली रसायनशास्त्रज्ञ गोपेल्सरोडर यांनी मोरिन हे पिवळं द्रव्य वापरून ॲल्युमिनियम ओळखलं. दोघं एकत्र येताच हिरवट उजेड पडतो. मोरिन आपल्या फणसाच्या लाकडातही असतं आणि ॲल्युमिनियम आपण पाण्यात फिरवतो त्या तुरटीत.

खरी कसोटी आहे ती निवडीची. पिण्याच्या पाण्यात लिटरला ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम चालतं. म्हणजे शिशाच्या मर्यादेच्या साडेसात हजार पट. एवढ्या गर्दीतून रेणूनं शिसंच धरायला हवं. कॅल्शियमचा ओढा ऑक्सिजनकडे, शिशाचा गंधक आणि नायट्रोजनकडेही. म्हणून धरणाऱ्या जागी कोणते अणू ठेवायचे आणि ती जागा केवढी ठेवायची, यातच घडवणाऱ्याचं कसब.

बारामती-इंदापुरात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींना माझं एक सांगणं आहे. तुमचा रेणू ऊर्ध्वपातित पाण्यात उजळला, की तेवढ्यावर थांबू नका. सुट्टीत घरी गेलात, तर विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणा. त्या मचूळ पाण्यातही तो फक्त शिशालाच ओळखतो का, ते पाहा. ते पाणी तुमच्या घरचे रोज पितात.