घरातल्या फोटोंची संगणकी चिकटवही : आरंभ कसा करावा?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही पालकांना वाटले असेल की, ही मुलांच्या करमणुकीची गोष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत चिकटवही केली आहे. वर्तमानपत्रातली कात्रणे, पाने-फुले, थोरांची चित्रे आपण खळीने चिकटवली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. तीच चिकटवही आता संगणकावर किंवा मोबाईलवर करता येते. पण मी आज तिच्याबद्दल बोलायला उभी राहिले, त्याचे कारण माझ्या घरातले आहे. ते आधी सांगते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आम्ही तेव्हा कुर्ल्यात तळमजल्यावर राहत होतो. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आमच्या घराण्याचे सारे फोटो होते. माझे वडील जहाजावर नोकरीला होते. त्यांनी बंदराबंदरांतून पाठवलेली पत्रेही त्यातच होती. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली, तेव्हा अल्बमची पाने एकमेकांना चिकटून बसली होती. ती सोडवायला गेले, तर चेहरेच निघून आले. पत्रांची शाई वाहून गेली होती.

एक फोटो तेवढा वाचला, तोही माझ्या खालाने पूर्वी त्याची प्रत करून घेतली होती म्हणून. गावच्या घराच्या ओट्यावर बसलेली नऊ माणसे त्यात आहेत. माझ्या दादीला त्या नऊही जणांची नावे ठाऊक होती. दादी १९९८ साली गेली. तिच्या हयातीत तो फोटो मी शंभर वेळा पाहिला असेन, पण नावे विचारून लिहून ठेवावीत असे मला कधी सुचले नाही. आज त्यातली चार माणसे मी ओळखते. उरलेली पाच माझ्याच रक्ताची असून मला परकी आहेत. फोटो गेले ते पुरात, पण नावे गेली ती माझ्या आळसाने.

मित्रहो, ही कला नवी नाही. मोगल दरबारात चित्रे आणि सुलेखनाचे नमुने एकत्र बांधून मुरक्का तयार करीत. पानांना वेलबुट्टीचा हाशिया असे. शाहजादा दारा शिकोहने आपली बेगम नादिरा बानू हिला दिलेला मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अमेरिकेत मार्क ट्वेन या लेखकाने १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. साधने बदलली, तरी हेतू तोच राहिला: विखुरलेले एकत्र आणावे, आणि ते काय आहे हे शेजारी लिहून ठेवावे.

आता आरंभ कसा करावा ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे पेटी पूर्ण रिकामी करून बसू नका. दोनशे फोटो समोर पसरले की माणूस घाबरतो आणि काम कायमचे राहते. एक प्रसंग घ्या, त्याचे तीन फोटो निवडा आणि एकच पान करा. आईवडिलांचा निकाह, गावचे घर किंवा आजोबांची नोकरी, काहीही चालेल.

दुसरी गोष्ट प्रत घेण्याची. स्कॅनर मिळाला तर उत्तम. जुने फोटो लहान असतात, म्हणून ते एका इंचात ६०० ठिपके या प्रमाणात घ्यावेत. दोन इंच बाय तीन इंचांचा फोटो तसा घेतला, तर १२०० बाय १८०० ठिपके मिळतात. छपाईला एका इंचात ३०० ठिपके पुरतात, म्हणजे तोच फोटो चार बाय सहा इंचांचा स्वच्छ छापता येतो. स्कॅनर नसेल, तर मोबाईल चालेल. खिडकीजवळ, पण थेट ऊन नसेल अशा जागी फोटो सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि मोबाईल फोटोला अगदी समांतर धरावा. फोटोची मागची बाजूही टिपावी, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा कुणाचे हस्ताक्षर तिथेच असते. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, आहे तिथेच त्याची प्रत घ्या.

तिसरी गोष्ट नावाची. यंत्राने दिलेले आकडी नाव तसेच ठेवले, तर पुढे काहीही सापडत नाही. आधी वर्ष, मग प्रसंग, मग क्रमांक लिहावा, जसे ‘१९७२-निकाह-०१’. वर्ष नक्की नसेल, तर ‘सुमारे’ लिहावे. अंदाजाला खात्रीचे रूप देऊ नये. ही मूळ प्रत तशीच राखावी आणि दुसऱ्या प्रतीवर काम करावे. जेपेग प्रकारची फाईल बदलून पुन्हापुन्हा जतन केली की दर वेळी थोडी बिघडते.

चौथी गोष्ट पानाची. हा छंद करणारे लोक बहुधा बारा इंचांचे चौकोनी पान घेतात, म्हणजे ३६०० बाय ३६०० ठिपके. आपल्याकडे मात्र ए-फोर आकार सोयीचा, कारण तो कोपऱ्यावरच्या दुकानातही छापून मिळतो. त्यासाठी २४८० बाय ३५०८ ठिपके धरावेत. गिम्प आणि लिबरऑफिस हे कार्यक्रम विनामूल्य आहेत. कॅनव्हाचा मोफत भागही नवशिक्याला पुरेसा आहे. यात थरांची कल्पना समजून घ्यावी. सर्वांत खाली कागदाचा थर, त्यावर फोटो, त्यावर चौकट आणि सर्वांत वर अक्षरे. प्रत्येक थर सुटा असल्याने एक हलवला, तरी दुसरा जागचा हलत नाही. खळीच्या वहीत चुकले की पान फाटायचे, इथे ती भीती नाही. मात्र थरांसकटची फाईल वेगळी जपून ठेवावी, म्हणजे पुढे दुरुस्ती करता येते.

सजावट बेताची असावी. एक फोटो मोठा, दोन लहान, आणि कडेला मोकळी जागा. दोनपेक्षा अधिक अक्षरवळणे वापरू नयेत. विकतच्या नक्षीपेक्षा घरातली वस्तू बरी. अम्मीच्या ओढणीचा जरीकाठ किंवा लग्नाची जुनी पत्रिका यांचा फोटो घेतला की पानाचा हाशिया तयार होतो.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे लिहिणे. फोटोत कोण, केव्हा, कुठे, आणि ही माहिती कुणी सांगितली, एवढे तरी लिहाच. दादी-नानी ज्या बोलीत सांगतील त्याच बोलीत लिहा, ती शुद्ध करायला जाऊ नका. मराठी अक्षरांसाठी ‘मुक्त’ आणि उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक’ हे मोफत टंक आहेत. एकाच पानावर दोन्ही लिप्या सुखाने नांदतात. बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर आवाजही राहील.

इथे एक सावधगिरी सांगते. आपला फोटो इतरांना दाखवू नये असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. आधी विचारा, आणि त्यांच्या इच्छेचा मान राखा. फोटोशिवायही पान होते. त्यांचे हस्ताक्षर, त्यांची तस्बीह, त्यांच्या हातच्या पदार्थाची कृती, घराचा दरवाजा यांतूनही माणूस उभा राहतो. आधार कार्ड, बँकेचे कागद अशा गोष्टी मात्र दुसऱ्याला पाठवायच्या पानावर घालू नका.

शेवटची गोष्ट जपणुकीची. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी: परगावच्या भावाकडे, लेकीच्या सासरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. व्हॉट्सॲपवर फोटो साधेपणाने पाठवला, तर त्याचा दर्जा उतरतो, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि तयार झालेले पान कागदावर छापून ज्येष्ठांच्या हातात द्यावे. मोबाईलच्या पडद्यावर त्यांना दिसत नाही, कागदावर दिसते, आणि कागद हातात आला की त्यांना आणखी आठवते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. या वर्षी आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला घरातल्या एका ज्येष्ठावर एक पान करायला सांगा. त्यात भाषा येईल, इतिहास येईल, संगणक येईल, आणि नातवाला आजीजवळ तासभर बसावे लागेल. ज्या घरी संगणक नाही, त्या मुलाला शाळेच्या संगणकावर वेळ द्यावा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांला आज कोणताही कार्यक्रम शिकायची गरज नाही. घरी जा, भिंतीवरचा किंवा पेटीतला एक जुना फोटो काढा, तो घरातल्या सर्वांत वयस्क माणसापुढे धरा आणि विचारा, “हे कोण?” जे सांगतील ते लिहून घ्या. बाकी सारे पुढच्या आठवड्यात केले, तरी चालेल. हे मात्र आजच करा. मी ते केले नाही, म्हणून एवढे कळकळीने सांगते.