पदवीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



पदवी हाती येते त्या दिवशी घरात आनंदीआनंद असतो. परंतु पदवी आणि पहिली पूर्णवेळ नोकरी यांमध्ये किती अंतर आहे, हे त्या घराला पुढील वर्षा-दोन वर्षांत उमगते. 2023-24 च्या नियतकालिक श्रमबल पाहणीत 15 वर्षे व त्यावरील वयोगटातील बेरोजगारीचे सर्वसाधारण प्रमाण 3.2 टक्के आढळले. पदवीधरांमध्ये ते याच्या कितीतरी पट अधिक होते. नोकऱ्या किती आहेत हा प्रश्न मोठा आहेच. पण असलेल्या नोकऱ्यांची वार्ता कोणाच्या कानी पडते, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. आज मला त्याविषयी बोलावयाचे आहे.

ओळख आणि वशिला

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टननजीकच्या न्यूटन या गावातील नोकरदारांचा अभ्यास करून 1974 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी परिचितांकडून कळली होती, आणि हे परिचित बहुधा निकटचे नसून दूरचे होते. कारण उघड आहे. निकटच्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. नवी वार्ता दूरच्याकडून येते.

आता शेतकरी कुटुंबातील पहिल्या पदवीधराचा विचार करा. त्याचे सारे गणगोत पंचक्रोशीत. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरी येथील कारखान्यात कोणती जागा भरावयाची आहे, हे त्याला कोण सांगणार? गुणवत्तेत तो उणा नसतो, वार्तेत मागे पडतो. येथे वशिला आणि वार्ता यांतील भेद ध्यानी घ्यावा. वशिला दुसऱ्याची जागा हिरावून घेतो. वार्ता केवळ दार कोठे आहे ते दाखविते. ती सर्वांना देता येते आणि दिली पाहिजे.

खुल्या वाटा

सेवायोजन कार्यालये 1945 मध्ये सुरू झाली ती युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. पुढे ती सर्वांना खुली झाली. 1959 च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांवर रिक्त पदे कळविण्याचे बंधन घातले. उमेदवार त्या कार्यालयामार्फतच घेण्याचे बंधन मात्र त्यात नव्हते. हा फरक न कळल्याने नाव नोंदवून वाट पाहत बसणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. आज ही नोंदणी महास्वयम् संकेतस्थळावर होते. तथापि नोंदणी हा केवळ आरंभ आहे, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. 1961 च्या कायद्यात 1973 मध्ये अभियांत्रिकी पदवीधरांचा व पदविकाधारकांचा समावेश झाला, आणि 2014 च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही तिचे दार उघडले. ही गोष्ट ग्रामीण महाविद्यालयांतून अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही. राज्य शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. अशा प्रशिक्षणातून अनुभव मिळतो, नोकरीची हमी मिळत नाही. तो अनुभव घेत असतानाच पुढील अर्ज करीत राहावे, हे तरुणांना बजावणे आवश्यक आहे.

आपल्या हाती काय आहे?

शिक्षकांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवावी: कोण, कोठे, कोणत्या कामावर आहे. वर्षातून एकदा त्यांतील दोघा-चौघांना अंतिम वर्षाच्या वर्गापुढे बोलवावे. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यास मुलांची भीड चेपते.

पंचायतींनी वाचनालयात जाहिरातींचा फलक लावावा आणि अर्जाची अखेरची तारीख ठळक अक्षरांत लिहावी. शहरात कामाला असलेल्या ग्रामस्थांची यादी करावी. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांपासून गावाला सावध करावे. अशा व्यवहारात जमिनीचा तुकडा जातो आणि नोकरीही मिळत नाही. मुलींच्या बाबतीत राहण्याच्या सोयीची चौकशी आधीच करून दिल्यास घरच्यांचा नकार पुष्कळदा होकारात बदलतो.

अधिकारी मित्रांना एकच विनंती. अधिवास, जात, नॉन-क्रीमी लेयर यांची प्रमाणपत्रे वेळेत न मिळाल्याने पात्र उमेदवाराची संधी हुकते. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने या सेवांना कालमर्यादा घालून दिली आहे. आपल्या मेजावरील आठ दिवसांचा विलंब एखाद्या तरुणाचे पूर्ण वर्ष घेऊन जाऊ शकतो.

नव्या नोकऱ्या निर्माण करणे हे मोठे कार्य आहे आणि ते एका दिवसात होणारे नाही. परंतु असलेल्या नोकरीची वार्ता, वेळेवर कागद आणि चार शब्दांचे मार्गदर्शन देण्यास नव्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही. येत्या निकालापूर्वी आपापल्या गावातील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची नावे आपण लिहून काढावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे.